मध्यरेषेवरचं पाणी

बाळ डावीकडे तोंड करून आहे. वर भलंमोठं कपाळ, त्याखाली आत दबलेलं नाकाचं मूळ, मग ओठ, हनुवटी; आणि मागच्या बाजूनं मानेत उतरणारा मज्जारज्जू. डोकं बरोबर मध्यरेषेवर उभं छेदून एक अर्धं समोर धरावं तसा हा कट. आम्ही त्याला मिडलाइन सॅजिटल म्हणतो. सीक्वेन्स टी-टू, म्हणजे पाणी पांढरं, हाडाचं कठीण कवच काळं आणि मेंदू मधल्या करड्या छटांत. वय साधारण सहा महिने, निदान अकॉन्ड्रोप्लेझिया, म्हणजे हाडांची वाढ खुंटवणारा जन्मजात विकार. चित्र कुणा एका मुलाचं नाही. अशी चित्रं वर्षानुवर्षं वाचून डोळ्यांत एक नमुना बसतो, त्याबद्दल मी लिहितो आहे.

एमआरआयचं कसलं आलंय रसग्रहण, असं कुणी म्हणेल. दहावीच्या पेपरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे मुद्दे पाडून पाडून आपण बहुतेकांनी या शब्दाचा धसकाच घेतलेला असतो. शिवाय समोर एका लेकराचं डोकं आहे. त्यात रस घेणं बरं दिसतं का? पण कुठे रेंगाळायचं आणि कुठून सरळ पुढे जायचं, याची जाण म्हणजे वाचन असं मानलं, तर त्या जाणिवेचा इतका कस पाहणारी चित्रं आमच्या कामात थोडीच आहेत. इथे जे मोठं दिसतं ते बहुधा निरुपद्रवी असतं, आणि जिवावर बेतणारी गोष्ट काही मिलिमीटरांत मावते. नवशिका वाचक नेमका उलट्या जागी घाबरतो.

त्याची नजर आधी कपाळावर जाते. जाणारच, कारण ते चित्राचा सगळा वरचा भाग व्यापून आहे. कवटीचा घुमट मोठा आहे आणि त्याखालचा तळ आखूड. या विसंगतीचं कारण हाड कसं तयार होतं त्यात आहे. घुमटाची हाडं पडद्यासारख्या पातळ ऊतीत थेट जमतात. तळाची हाडं आधी कूर्चेत आकार घेतात आणि मग कूर्चेची जागा हाड घेतं. हातापायांच्या लांब हाडांचीही हीच रीत. अकॉन्ड्रोप्लेझियात चौथ्या क्रोमोसोमवरच्या एफजीएफआर३ या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि त्यामुळे प्रथिनातल्या ३८० व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन येतं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या आणि पॅरिसच्या गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिलं. हे जनुक मुळात कूर्चेच्या वाढीला लगाम घालणारं. बदललेल्या अक्षरामुळे लगाम ओढलेलाच राहतो. कूर्चेतून होणारं हाड रखडतं, पडद्यातून होणारं आपल्या गतीनं वाढत राहतं. जोतं लहानच राहिलं आणि माडी मात्र ठरल्या मापानं चढली, असं हे घर.

दहातली साधारण आठ मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात, म्हणजे तो बदल घराण्यात पहिल्यांदाच झालेला असतो. 'आमच्याकडे कुणालाच नाही हो,' असं आजी सांगते तेव्हा ती खरंच सांगत असते.

मागच्या बाजूचं ऑक्सिपिटल हाड मला या चित्रातलं सर्वांत वाचनीय वाटतं. पुस्तकात त्याला एकच नाव असलं तरी त्याचा वरचा भाग पडद्यातून आणि खालचा कूर्चेतून घडतो. जन्माच्या वेळी या खालच्या भागाचे चार तुकडे असतात, एक पुढे, दोन बाजूंना, एक मागे, आणि त्यांच्यामध्ये कूर्चेच्या पट्ट्या. मेंदूचा देठ ज्या भोकातून मानेत उतरतो, त्या फोरामेन मॅग्नमचा काठ हेच चार तुकडे मिळून बनवतात. मधल्या पट्ट्या जिवंत आहेत तोवर भोक मोठं होऊ शकतं. अकॉन्ड्रोप्लेझियात त्या वेळेआधीच सांधल्या जातात. थ्रीडी सीटीवर वरून पाहिलं तर नेहमीच्या लंबवर्तुळाऐवजी कुलपाच्या चावीच्या भोकासारखा आकार दिसतो. सॅजिटल चित्रात हा आकार कळत नाही; तिथे कळतं ते एवढंच की वरच्या भागात ऐसपैस गोलाई घेत आलेलं हेच हाड खाली पोचताना अचानक जाड होतं आणि त्याची मागची कड आत घुसते. एकाच हाडाच्या दोन भागांतला हा फरक एकदा दिसला की मग बाकीचं चित्र उलगडायला लागतं.

आता पुढचा चेहरा. तळ पुढून मागे आखूड असल्यामुळे नाकाचं मूळ आत ओढलेलं राहतं आणि त्यावर कपाळ पुढे येतं. या ठेवणीचं माझं सर्वांत आवडतं चित्र एमआरआयचं नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात दिएगो वेलाझ्केझचं १६५६ सालचं 'लास मेनिनास' आहे. त्यात उजव्या कोपऱ्यात, कुत्र्याच्या मागे, गडद पोशाखात मारिबार्बोला उभी आहे. स्पेनच्या दरबारात ठेवलेली ही जर्मन बाई. वैद्यकीय नजरेनं पाहणारे बहुतेक जण तिच्यात अकॉन्ड्रोप्लेझिया ओळखतात. उजेड उजवीकडच्या खिडकीतून येतो, तिच्या कपाळाच्या फुगवट्यावर पसरतो आणि नाकाच्या मुळाशी मंदावतो. कवटीचा तळ कधीही न पाहिलेल्या माणसानं तो आखूड तळ रंगवून ठेवला आहे. शिवाय ती थेट आपल्याकडे पाहते. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत अशा माणसांचे उघडे फोटो डोळ्यांवर काळी पट्टी मारून छापलेले असत. वेलाझ्केझनं काय राखलं ते त्यांच्याशेजारी ठेवून पाहिलं की कळतं.

परत आपल्या चित्राकडे. कपाळानंतर नवशिक्याची नजर अडते ती पाण्यापाशी. मेंदूच्या मधल्या पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल, फुगलेल्या दिसतात. कपाळामागे, मेंदू आणि कवटी यांच्यामध्येही पाण्याचा रुंद पट्टा. रिपोर्टमध्ये 'हायड्रोकेफॅलस' असं छापलं जातं आणि घरी निरोप पोचतो, बाळाच्या डोक्यात पाणी झालंय. मग शंट, म्हणजे पाणी काढून देणारी नळी, टाकायचा का, कधी टाकायचा, डोकं आणखी वाढणार का, आणि या सगळ्यात घराची झोप उडते.

हे पाणी कुठून आलं, ते चित्राच्या तळाशीच लिहिलेलं आहे. मेंदूतलं अशुद्ध रक्त कवटीबाहेर नेणाऱ्या शिरा तळातल्याच भोकांतून, जुग्युलर फोरामेनमधून, बाहेर पडतात. तळ आखूड, तशी ही भोकंही अरुंद. रक्ताला वाट कमी, म्हणून शिरांतला दाब चढतो. दाब चढला की मेंदूभोवतीचं पाणी त्यांच्यात सहज शोषलं जात नाही. ते साठतं. टाळू भरलेली नसते, सांधे उघडे असतात, म्हणून डोकं थोडं मोठं होतं आणि एका टप्प्यावर आवक-जावक पुन्हा जुळते. बहुतेक मुलांत गोष्ट तिथेच मिटते. शंट लागणारी मुलं थोडी. कवटीतून थेट बाहेर डोकावणाऱ्या काही जादा शिरा चित्रात ठळक दिसतात. रक्तानं स्वतःसाठी काढलेल्या त्या आडवाटा आहेत, आणि त्या दिसल्या की मला उलट थोडं हायसं वाटतं.

मात्र हे हायसं वाटणं एका पट्टीवर अवलंबून आहे. मुलाच्या डोक्याचा घेर नेहमीच्या तक्त्यावर मांडला तर रेषा पहिल्या दिवसापासून वरच्या काठाबाहेर जाते आणि प्रत्येक भेटीत धडकी भरते. अकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या मुलांचे स्वतंत्र तक्ते, डोक्याच्या घेरासकट, १९७८ पासून उपलब्ध आहेत. त्यांच्यावर तेच डोकं बहुधा मधल्या पट्ट्यात निमूट बसतं. त्या पट्ट्यांना ओलांडून ते झपाट्यानं वर चढू लागलं, टाळू टणक आणि फुगीर लागली, बाळ चिडचिडं किंवा मलूल झालं, तर पाण्याकडे पुन्हा वळायचं. नुसत्या फुगलेल्या व्हेंट्रिकलवर शंटची शस्त्रक्रिया उरकणं हे घाईचं वाचन आहे, आणि शंट एकदा बसला की तो बंद पडणं, त्यात जंतू जाणं हे व्याप पुढे मुलाच्या मागे लागतात.

मग नजर खाली उतरवायची. वाटेत दोन-तीन गोष्टी ओळखून ठेवाव्यात: लहान मेंदूच्या वरचा पडदा नेहमीपेक्षा उभा झालेला आहे, त्याच्यासोबत मधली सरळ शिराही उभी, आणि ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, जणू वर उचलून धरल्यासारखा. हे सगळं आखूड तळाचंच देणं. बाळाच्या मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण अजून पुरतं चढलेलं नसतं, पण देठात ते आधी चढतं, म्हणून टी-टूवर तो सभोवतालापेक्षा गडद उठून दिसतो. पुढे-मागे पांढरं पाणी, मध्ये गडद देठ. तो वरून येतो, मानेत शिरण्याआधी किंचित मुरडतो आणि फोरामेन मॅग्नममधून खाली जातो.

इथे थांबायचं. या एवढ्या जागेसाठी बाकीचं चित्र आहे असं म्हटलं तरी चालेल. नेहमीच्या बाळात देठाच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन पांढऱ्या रेघा या भोकातून अखंड खाली जातात. त्या म्हणजे पाणी, म्हणजे मोकळी जागा. अकॉन्ड्रोप्लेझियात मागची रेघ आधी बारीक होते, मग तुटते. त्यानंतर हाडाची कड देठाला टेकते, देठ त्या जागी चपटा होतो. आणि शेवटी चपट्या झालेल्या जागीच, गडद देठाच्या आत, एक पांढुरका डाग उमटतो. पाण्याची पांढरी रेघ असणं चांगलं आणि देठाच्या आतला पांढरा डाग वाईट. दोन्ही पांढरे, आणि दोन्हींत काही मिलिमीटरांचं अंतर.

लंडनच्या एव्हलिना बालरुग्णालयातल्या मोइरा च्युंग, मेलिटा अर्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या वाचनाला पायऱ्या बांधून दिल्या. शून्य म्हणजे भोक नेहमीसारखं. एक म्हणजे अरुंद, पण पाणी शाबूत. दोन म्हणजे पाण्याची रेघ गेली, देठाचा आकार मात्र जागच्या जागी. तीन म्हणजे देठ चेपला. चार म्हणजे आत डाग. मला ही मोजणी आवडते ती तिच्या साधेपणामुळे. भोकाचा व्यास मोजून तक्त्याशी ताडण्यापेक्षा ती विचारते, देठाभोवती मोकळीक उरली आहे का? शिवाय वाचणारे दोघे असले तरी उत्तर फारसं बदलत नाही. नाहीतर आमच्यात एकाचं 'माइल्ड' दुसऱ्याचं 'मॉडरेट' असतं आणि दोघंही आपापल्या जागी ठाम.

या जागेचा एवढा धाक का, तर श्वासाची लय सांभाळणारी केंद्रं इथेच, देठाच्या खालच्या भागात, म्हणजे मेड्युलात आहेत. दाब आला तर बाळ रडत नाही, ताप येत नाही. झोपेत श्वास थांबतो. १९८४ मध्ये रिचर्ड पॉली आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांतल्या अचानक मृत्यूंकडे लक्ष वेधलं, आणि १९८७ मध्ये जॅकलिन हेक्ट यांच्या गटानं दाखवलं की चार वर्षांखालच्या मुलांत मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आहे आणि त्यामागे या जागेवरचा दाब हे मोठं कारण आहे. तोवर असे मृत्यू बऱ्याचदा पाळण्यातले अकल्पित मृत्यू म्हणून नोंदले जात. सगळ्याच बाळांचा एमआरआय करायचा की लक्षणं दिसली तरच, यावर तज्ज्ञांत बरीच वर्षं वाद आहे. मी सगळ्यांचा करावा या बाजूचा. तपासणीत बाळ अगदी छान दिसतं, हातपाय झाडतं, हसतं, आणि चित्रात देठ चेपलेला असतो, असं घडतं.

आणि चित्र किती खरं? बाळ पाठीवर सरळ निजलेलं, मान स्थिर, असं हे चित्र आहे. प्रत्यक्षात डोकं जड, मान सैल, आणि बाळ बसवलं की डोकं पुढे डुलतं. मान वाकली की देठ आणि हाडाची कड यांमधलं अंतर बदलतं. सरळ निजलेल्या बाळात दिसलेली मोकळीक तेव्हा कमी होऊ शकते. म्हणून 'अजून मान धरली नाही का?' हा आपल्याकडचा सर्वांत पहिला प्रश्न या मुलांच्या बाबतीत जपून विचारावा. ही मुलं मान उशिराच धरतात, त्यात काळजीचं काही नाही. काळजीचं आहे ते घाई करून त्यांना उशीला टेकवून बसवणं, किंवा पाठ आणि मान कमानीसारखी वाकेल अशा झोळीत टाकणं. पाठीला टणक आधार, डोक्यालाही आधार, आणि निजवताना सरळ. रिपोर्टमध्ये हे लिहायला जागा नसते. फोनवर सांगावं लागतं.

चित्र काढण्याची तऱ्हाही वाचनाचा भाग आहे. सहा महिन्यांच्या बाळाला भूल द्यायची, आणि तीही श्वासाची वाट आधीच अरुंद असलेल्या बाळाला, म्हणजे भूलतज्ज्ञाच्या कपाळाला आठी. म्हणून लहान बाळांसाठी जिथे जमतं तिथे दुसरी वाट धरतात. वेळेआधी काही तास दूध थांबवायचं, मशीनच्या खोलीशेजारी पोटभर पाजायचं, कानांत मऊ बोळे, वरून कानांवर कवच, आणि दुपट्यात हातांसकट घट्ट गुंडाळायचं. वेळ गाठता आली तर बाळ मशीनच्या ठकठकाटात वीस-पंचवीस मिनिटं झोपतं. तंत्रज्ञानं तेवढ्यात आधी मध्यरेषेचा टी-टू घ्यायचा, कारण बाळ कधीही जागं होईल आणि जे हवं ते हाती लागलेलं असावं. चित्राच्या कडेला कधी हलल्याची धूसर पट्टी असते. नंतरचा आणखी स्वच्छ सीक्वेन्स हवा होता, पण बाळानं डोळे उघडले. अशी अर्धी राहिलेली तपासणी मी नाकारत नाही. भोकाची जागा स्पष्ट असेल तर निम्मं काम झालं.

देठावरचा दाब काढण्याची शस्त्रक्रिया झाली तर पुढच्या चित्रात फोरामेन मॅग्नमची मागची कड गायब असते, बहुधा पहिल्या मणक्याची मागची कमानही, आणि त्या जागी पांढरी रेघ परत आलेली असते. आतला डाग मात्र बऱ्याचदा तसाच राहतो, त्यावरून सर्जनला दोष देऊ नये. आता व्होसोरिटाइडचंही नाव घरोघर ऐकू येतं. २०२१ मध्ये युरोपात आणि अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध कूर्चेवरचा तोच लगाम सैल करतं. ते फार लहान वयात सुरू केलं तर या भोकालाही जागा मिळेल का, याचं उत्तर अशाच चित्रांतून शोधलं जातं आहे.

आतापर्यंत मी जे वाचलं ते हाडाचं आणि पाण्याचं होतं. आमच्या क्षेत्रानंही अनेक दशकं तेवढंच वाचलं. एफजीएफआर३ हे हाडाचं जनुक, मेंदू बिचारा हाडाच्या चुकीचा बळी, असं गृहीत धरून सगळे चालले. पण हे जनुक वाढत्या मेंदूतही काम करतं. याच जनुकाच्या अधिक तीव्र बदलातून होणाऱ्या थॅनाटोफोरिक डिस्प्लेझियात टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाच्या आतल्या मेंदूच्या भागाच्या, घड्या बिघडलेल्या असतात, हे आधीपासून माहीत होतं. २०१८ मध्ये अकॉन्ड्रोप्लेझियाच्या मुलांची चित्रं त्या नजरेनं पुन्हा पाहिली गेली, आणि त्यांच्यातही टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला वेगळ्या, खोल घड्या आणि नीट न वळलेला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी जोडलेला त्याच लोबचा आतला भाग, सापडला. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. कुणाचंच लक्ष कानशिलाच्या आतल्या त्या कोपऱ्यात गेलं नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष मानेच्या वरच्या भोकापाशी अडकलेलं होतं, आणि तिथे अडकायला कारणही सबळ होतं.

या घड्यांचा मुलाच्या बोलण्याशी, शिकण्याशी, झटक्यांशी काही संबंध आहे का, ते अजून ठरायचं आहे. बहुतेक मुलांची बुद्धी नेहमीसारखीच असते, म्हणून आईवडिलांना सांगताना मी शब्द मोजून वापरतो. पण मध्यरेषेच्या सॅजिटल कटात टेम्पोरल लोब दिसतच नाही. त्यासाठी हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेले पातळ कोरोनल, म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत उभे छेदणारे, कट लागतात. ते आता मी मुद्दाम लिहून मागतो. तंत्रज्ञ घड्याळाकडे पाहतो, म्हणतो, 'सर, बाळ उठलं तर?' उठलं तर उठलं. मध्यरेषेचा टी-टू तोवर झालेला असतो.